शेजारची जिल्हा परिषद शाळा आणि आपली मंडळी: पहिलं वर्ष कसं काढावं

जूनच्या मध्यावर शाळा उघडली की वह्या वाटणाऱ्यांची रांग लागते. आमदारांचे कार्यकर्ते येतात, पतसंस्था येते, गणेश मंडळ येतं आणि त्यातच कुठेतरी आपली मंडळीही, म्हणजे आपल्या चर्चची माणसंही असतात. एकेका पोराला आठवडाभरात तीन-तीन कंपासपेट्या मिळतात. ऑगस्टमध्ये त्याच पोराचं घोडं जोडाक्षरांवर अडलेलं असतं, तेव्हा मात्र शाळेकडे कोणी फिरकत नाही. शाळेशी नातं जोडायचं असेल तर ते या रिकाम्या महिन्यांत जोडावं, वस्तूंपेक्षा माणसं देऊन जोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

असं काम आजवर कधी न केलेल्या मंडळ्यांसाठी हे लिहितो आहे. डोळ्यांसमोर नगर, सोलापूर, कोल्हापूर, जालना या बाजूच्या लहान-मध्यम मराठी मंडळ्या आहेत आणि त्यांच्या शेजारची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. वसईच्या धर्मग्रामांनी (पॅरिशनी) किंवा पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांनी तिच्या जागी महापालिकेची शाळा धरावी, बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

आधी आपली जागा ओळखा

आपल्याकडे शाळा आणि चर्च यांचं नातं जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले. सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये आल्या आणि पुढे त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का झाला, हे तर आपल्या सभांमधून दरवर्षी सांगितलं जातं. अभिमान जरूर असावा. पण त्या शाळा मिशनच्या होत्या. शिक्षक कोण, पुस्तक कोणतं, सकाळची प्रार्थना कोणती, सगळं मिशन ठरवत असे. आज शेजारची शाळा सरकारची आहे आणि तिथे आपण पाहुणे आहोत. हा फरक ज्यांच्या अंगवळणी पडत नाही, त्यांचं काम पहिल्या नाताळातच फिसकटतं.

कायदाही याबाबत स्वच्छ आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(१) प्रमाणे संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत, मग ती आपल्या जुन्या मिशनची का असेना, मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. त्यासाठी पालकांची संमती लागते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत बायबलमधली गोष्ट नाही, ख्रिस्ती गीत नाही, वाटपाआधी प्रार्थना नाही, वहीच्या मागे छापलेलं वचन नाही, नव्या कराराची प्रत नाही. शब्बाथ शाळेचं (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचं) किंवा उन्हाळी शिबिराचं निमंत्रण शाळेच्या आवारात द्यायचं नाही.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत कोणीतरी ज्येष्ठ हमखास विचारतील, ‘मग आपण ख्रिस्ताची साक्ष द्यायची कशी?’ या प्रश्नाला बगल देऊ नका, तिथेच मोकळेपणी बोलून घ्या. माझं उत्तर असं की दुसऱ्याच्या लेकराला वाचायला शिकवणं हे स्वतःच पुरेसं काम आहे, त्याला शेपूट जोडायची गरज नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांच्यावर राग धरू नये, पण त्यांना या कामात घेऊही नये. गावात ‘हे धर्मांतरासाठी आलेत’ अशी कुजबुज होणारच. तिला भाषणाने उत्तर देता येत नाही. शिक्षक आणि पालकांच्या देखत, दार उघडं ठेवून वर्षभर चाललेलं काम हेच उत्तर. प्रार्थना करायची तर रविवारच्या भक्तीत शाळेसाठी आणि शिक्षकांसाठी जरूर करावी. मुलांची नावं तिथे घेऊ नयेत.

मंडळीतली माणसं मोजा

शाळेत जाण्याआधी घरचा हिशेब करा. मराठी मंडळ्यांची एक गंमत आहे: पैसा बेताचाच असतो, पण निवृत्त शिक्षिका आणि निवृत्त परिचारिका जेवढ्या आपल्या बाकांवर सापडतात तेवढ्या गावात दुसरीकडे क्वचितच. त्यातल्या कितीतरी जणी महिला मंडळाची सभा सोडली तर दिवसभर घरीच असतात. तरुण संघात एखादा इलेक्ट्रिशियन असतो, एखादी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असते, कोणाचं झेरॉक्सचं दुकान असतं. एका रविवारी भक्तीनंतर कागद फिरवा. नाव, काय करता येतं, आठवड्यातला कोणता वार मोकळा, एवढंच लिहून घ्या.

मग पंच कमिटीत रीतसर ठराव करा. काम कोणत्या शाळेत, किती काळ, कोण पाहणार, खर्च किती, हे इतिवृत्तात यायला हवं. पाहणारी माणसं दोन असावीत आणि शक्यतो त्यात पाळकसाहेब नसावेत. पाळकांची बदली होते, शिवाय पांढरी कॉलर दर आठवड्याला शाळेच्या व्हरांड्यात दिसली की लोक वेगळा अर्थ काढतात. पहिल्या भेटीला ते आले तर चांगलंच, पुढचं काम निवृत्त बाईंवर सोपवावं.

मुख्याध्यापकांची भेट

जून टाळा. तेव्हा प्रवेशोत्सव, पाठ्यपुस्तकांचं वाटप, ऑनलाइन माहित्या भरणं यात शिक्षकांना डोकं वर काढायला फुरसत नसते. मार्चही नको. जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट बरा. आधी फोन करून वेळ घ्या आणि दोघंच जा. हातात हार, मिठाई, बॅनर काही नको.

‘आम्हाला अमुक करायचं आहे’ असं सुरू केलंत तर मुख्याध्यापक हो म्हणतील आणि विषय तिथेच संपेल, कारण देणाऱ्याला नाही म्हणायची शाळांना सवय नसते. त्याऐवजी विचारा: ‘सर, यंदा कोणत्या वर्गाची जास्त काळजी वाटते?’ मग गप्प बसून ऐका. द्विशिक्षकी शाळा असेल तर दोघं शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात आणि त्यातले एक जण बैठकीला किंवा टपालाला गेले की शाळा एकावर येते. तिथे सुसज्ज संगणक कक्षापेक्षा आठवड्यातून दोनदा नेमाने येणारं माणूस जास्त उपयोगी, हे पाच मिनिटांत तुमच्या लक्षात येईल.

मुख्याध्यापकांचा होकार म्हणजे शाळेचा होकार नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीच्या बैठकीत जाऊन तुम्ही कोण, काय करणार आणि काय करणार नाही हे सांगा. ‘काय करणार नाही’ हा भाग आधी सांगितलात तर उत्तम. तिथे बसलेल्या आया जे प्रश्न विचारतील ते अधिकाऱ्यांच्या प्रश्नांपेक्षा नेमके असतात. समितीने ठराव केला की मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना पत्राची प्रत जाऊ द्या. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टलही आहे. शाळा तिथे गरज नोंदवते आणि स्वयंसेवक किंवा देणगीदार नाव देतो. शाळा ते वापरत असेल तर तिथेही नोंद करा, नसेल तर हट्ट धरू नका.

एकच काम निवडा

पहिल्या वर्षी एकच. माझी शिफारस वाचनाची आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

तिसरी ते पाचवीतली, वाचनात मागे पडलेली पाच-सहा मुलं वर्गशिक्षकांनी निवडून द्यावीत. आपण निवडायची नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास, शाळेच्या वेळेत आणि शाळेच्याच व्हरांड्यात किंवा रिकाम्या खोलीत बसायचं. चर्चच्या हॉलमध्ये पंखे आहेत, जागा आहे, तरी मुलांना तिकडे न्यायचं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल कुठवर पोचलं आहे ते पाहा: अक्षर ओळखतं का, साधा शब्द वाचतं का, चार ओळींचा परिच्छेद वाचतं का, छोटी गोष्ट वाचून काय झालं ते सांगतं का. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत साधारण अशाच पायऱ्या वापरतात, म्हणून शिक्षकांना त्या परिचयाच्या असतात. मूल ज्या पायरीवर आहे तिथून सुरू करा, त्याची इयत्ता विसरा.

रोज थोडं मोठ्याने वाचून दाखवणं, मग सगळ्यांनी मिळून वाचणं, मग एकेकट्याने, आणि शेवटी वाचलेल्यावर गप्पा. शुद्धलेखनाची पानं उतरवून घेणं आणि गृहपाठ पूर्ण करून देणं, या दोन मोहांपासून दूर राहा. पाठ्यपुस्तकापेक्षा पातळ, मोठ्या अक्षरांची गोष्टीची पुस्तकं बरी. ती शाळेच्या वाचनालयात नोंदवून तिथेच ठेवावीत. काही मुलांच्या घरी गोरमाटी, पारधी किंवा वडारी बोलतात. प्रमाण मराठी त्यांना दुसरी भाषा आहे. त्यांच्या शब्दांना हसू नका, उलट तो शब्द फळ्यावर लिहून शेजारी मराठी लिहा. पोरं खूश होतात आणि बाईंनाही चार शब्द येतात.

एक सूचना खास आपल्या ज्येष्ठ शिक्षिकांसाठी. तुमच्या काळात छडी होती, ओणवं उभं करणं होतं. आता शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी आहे. ‘ढ’ म्हणणंही त्यातच आलं असं समजा.

शाळेलाही हे काम हवंच असतं. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली. त्यामुळे शिक्षकांवर वाचनाचा दबाव आहे. तुमच्या नोंदी त्यांच्या नोंदींशी जुळतील अशा ठेवा आणि महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांना दाखवा.

वाचनाला माणसं नसतील तर दुसरे मार्ग आहेत. पाथर्डी, शेवगाव किंवा बीड जिल्ह्याच्या बाजूला असाल तर दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न तुम्हाला माहीत आहेच. आई-बाप कारखान्यावर जातात आणि मूल आजीपाशी राहिलं तर शाळेत टिकतं, गाडीवर चढलं तर वर्षाचं नुकसान. अशा मुलांसाठी काही शाळांमध्ये व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालतं. तिथे जेवणाची सोय होते, पण संध्याकाळी अभ्यासाला बसवणारं कोणी नसतं. समितीच्या संमतीने रोज दोन माणसं तासभर बसली तरी फरक पडतो. मात्र हे काम एप्रिलपर्यंत रोजचं आहे. तेवढी तयारी असेल तरच हात घाला.

परिचारिका असतील तर आरोग्याचं काम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन तपासणी करतं आणि चष्मा, दात, कान, हृदय यांच्या तक्रारी असलेल्या मुलांना पुढे पाठवतं. चिठ्ठी घरी जाते आणि फडताळात पडते, कारण मजुरी बुडवून तालुक्याला जायचं कसं आणि तिथे कोणत्या खिडकीवर उभं राहायचं हे आईला माहीत नसतं. त्या आईसोबत जायला अनुभवी सिस्टर मिळाली तर काम एका दिवसात होतं. आईसोबत, हे लक्षात ठेवा. मुलाला एकट्याने घेऊन जायचं नाही.

रंगरंगोटी, नळ, वायरिंग ही कामंही चांगली. तरुण संघाला ती आवडतात, दोन शनिवारांत होतात.

मुलांची सुरक्षा

हा भाग पंच कमिटीत वाचून दाखवा आणि प्रत्येक स्वयंसेवकाची त्यावर सही घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांबाबत कडक आदेश दिले. शाळेने मागायची वाट न पाहता आपल्या स्वयंसेवकांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. ‘अहो, त्या तर आपल्या मंडळीच्या, चाळीस वर्षं ओळखतो’ हे कारण चालणार नाही. नियम सगळ्यांना सारखा, पाळकसाहेबांनाही.

कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत नसेल. नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, शिक्षक हाकेच्या अंतरावर. मुलांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप नाही, दुचाकीवरून घरी सोडणं नाही, एकाच मुलाला खाऊ किंवा भेट नाही. येताना-जाताना शाळेच्या वहीत सही आणि वेळ.

एखाद्या मुलाने काही सांगितलं किंवा काही खटकलं तर? पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा तशी भीती वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. आधी पाळकसाहेबांच्या कानावर घालू, मंडळीतल्या मंडळीत मिटवू, शाळेची बदनामी नको, या तिन्ही गोष्टी कायद्यात बसत नाहीत. मुलाची उलटतपासणी करू नका. जे ऐकलं ते त्याच शब्दांत लिहून ठेवा आणि कळवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहिलेला नसेल तर तरुण संघाच्या रंगकामाची सुरुवात तिथूनच करा.

पैसा आणि कागद

छोट्या शाळांची आर्थिक ओढाताण अनेकांना ठाऊक नसते. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरतं. ३० मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि १०० मुलांपर्यंत २५,००० रुपये असे त्याचे निकष आहेत. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे आणि उरलेल्यात वर्षभराची किरकोळ दुरुस्ती आणि साहित्य भागवायचं. त्यामुळे तुमचे पाच हजारसुद्धा तिथे मोठे असतात, पण ते नीट जायला हवेत.

रोख कोणाच्या हातात देऊ नका. व्यवस्थापन समितीच्या खात्यावर धनादेश द्या किंवा वस्तू घेऊन द्या, पावती घ्या. वस्तू शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढली की नाही ते पाहा. नोंद नसलेला प्रोजेक्टर मुख्याध्यापकांच्या बदलीनंतर कोणाचाच नसतो. मंडळीचा विश्वस्त निधी वापरत असाल तर न्यासाच्या उद्देशांत शैक्षणिक मदत बसते का हे हिशेबतपासनिसांना विचारा. परदेशातल्या कोणी नातलगाने किंवा चर्चने पैसे देऊ केले तर तिथेच थांबा. परदेशी देणगी स्वीकारायला एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असली तरी ती देणगी पुढे दुसऱ्या कोणाकडे वळती करता येत नाही. स्थानिक दानार्पणातूनच हे काम चालवावं, आणि तसं समितीला सांगताही यावं.

एका पानाचा समजुतीचा कागद करा: कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या मुलांसोबत, काय वर्ज्य, तक्रार असल्यास कोणाला फोन करायचा, आणि कोणत्याही बाजूने महिनाभराची सूचना देऊन थांबता येईल. दोन सह्या मुख्याध्यापक आणि समिती अध्यक्षांच्या, दोन आपल्या.

फोटो, फ्लेक्स आणि नाताळ

उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, फ्लेक्स छापताना मात्र नेमकं विसरतो. मुलं रांगेत उभी करून, हातात वही देऊन काढलेला फोटो कुठेही जाऊ नये, मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही नाही. वार्षिक अहवालाला छायाचित्र हवंच असेल तर पालकांच्या लेखी संमतीने, नाहीतर सरळ रंगवलेल्या भिंतीचं.

नाताळाचा मोह सगळ्यात मोठा. डिसेंबर उजाडला की कोणीतरी म्हणतं, ‘आपल्या त्या मुलांना बोलवूया ना कार्यक्रमाला.’ ती ‘आपली मुलं’ नाहीत. शाळेच्या ओळखीवर चर्चमधल्या कोणत्याही कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायचं नाही. शाळा इतर सणांसारखा नाताळही साजरा करत असेल आणि तिने तुम्हाला बोलावलं तर पाहुणे म्हणून जा, करंजी खा, परत या. शिक्षक दिनाला मंडळीच्या वतीने शिक्षकांना घरचा फराळ नेणं मात्र मला फार आवडतं. त्याला कोणी आक्षेप घेतलेला ऐकलेला नाही, आणि त्या अर्ध्या तासात जे कळतं ते बैठकीत कळत नाही.

वर्ष संपताना

मार्चअखेर वर्गशिक्षकांसोबत बसा. सहापैकी किती मुलं पुढच्या पायरीवर गेली, कोणती मध्येच स्थलांतरित झाली, आपले किती दिवस बुडाले, हे तीन आकडे पुरेत. बुडालेल्या दिवसांचा आकडा लपवू नका. पंच कमिटीच्या इतिवृत्तात तोही जाऊ द्या.

जिल्हा परिषदेत शिक्षकांच्या बदल्या बहुधा उन्हाळ्यात होतात. तुमचं नातं फक्त एका सरांशी असेल तर ते त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्याला जाईल. म्हणून ठराव, समजुतीचा कागद, मुलांच्या नोंदी आणि पावत्या यांची एक फाइल शाळेत आणि एक चर्चच्या कपाटात असू द्या. नवे मुख्याध्यापक रुजू झाले की त्यांनी हे काम चालू ठेवलंच पाहिजे असं गृहीत धरू नका. फाइल दाखवा, त्यांचं ऐका, समितीसमोर पुन्हा जा.

आणि थांबायचं ठरलं, माणसं कमी पडली किंवा जमेनासं झालं, तर ते एप्रिलमध्ये सांगा. परीक्षा झालेल्या असतात, मुलं सुट्टीवर निघालेली असतात, शिक्षकांना पुढच्या वर्षाची आखणी करता येते. पुस्तकं शाळेतच राहू द्या, खोलीची किल्ली परत करा आणि वाचनगटाची वही वर्गशिक्षकांच्या हातात द्या. त्यांना जूनमध्ये ती लागेल.